पंधरा वॅटचा संसार

आमच्या घरी गाणं लागलं की पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "अहो, आवाज कमी करा." बाबा काही न बोलता ॲम्प्लिफायरचं बटण केसभर मागे फिरवायचे. पाच मिनिटांनी ते परत पुढे गेलेलं असायचं. घड्याळाच्या तबकडीवर जिथे नऊ वाजतात, तिथवर ते बटण पोहोचलं की डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्या गाण्याने भरून जायच्या. बटण त्याच्या पुढे गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

तो ॲम्प्लिफायर बाबांनी १९८६ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. एका छोट्या कारखान्याचा माल. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ वॅट. स्पीकरची खोकी सुताराकडून बनवून घेतली होती. गुडघ्याच्या वर येतील एवढी मोठी, आत आठ इंची वूफर आणि पुढे चॉकलेटी जाळी. बहिणीने आणि मी त्या खोक्यांवर बसून अभ्यास केला आहे.

२००९ साली मला नोकरी लागली. पहिल्या तीन पगारांतून मी बाबांसाठी नवे स्पीकर घेतले. देखणे, काळे, पुस्तकांच्या कप्प्यात मावतील एवढे. आणि ती जुनी खोकी भंगारवाल्याला देऊन टाकली. बाबा दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आपल्या मशीनला जमेल का हे?"

मी इंजिनियर झालो होतो. मी म्हणालो, "बाबा, हे ८० वॅटचे स्पीकर आहेत. तुमचा ॲम्प्लिफायर १५ चा. याचं काय वाकडं होणार आहे?"

त्या दिवसानंतर आईने "आवाज कमी करा" म्हटलं नाही. बटण आता दोनच्या आकड्यावर असायचं. मला वाटलं, आईला सवय झाली.

बहिणीच्या साखरपुड्याच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. अर्ध्या तासात आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला. दोन्ही ट्वीटर गेले होते, आणि ॲम्प्लिफायरला हात लावला तर चटका बसत होता. दुरुस्ती करणाऱ्याने स्पीकर उघडून पाहिले आणि म्हणाला, "ॲम्प्लिफायर लहान पडला, म्हणून स्पीकर जळला." मला वाटलं, तो थट्टा करतोय. मग त्याने ॲम्प्लिफायर फिरवून पाठ दाखवली. तारा लावायच्या जागेजवळ एक पिवळी पडलेली पट्टी चिकटवलेली होती. त्यावर बाबांचं अक्षर: "८ ओहमच्या खाली लावू नये."

नवे स्पीकर ४ ओहमचे होते. तेवीस वर्षं ती पट्टी तिथे होती. मी वाचली नव्हती.

त्या पट्टीचा अर्थ शोधायला निघालो आणि जवळजवळ शंभर वर्षं मागे गेलो.

जन्माला आली ती जोडीच

आज कानातल्या इअरबडपासून मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपर्यंत बहुतेक ठिकाणी जो स्पीकर असतो, त्याचा आराखडा एकच आहे. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला पडदा. वेटोळ्यातून वीज बदलत वाहिली की ते मागेपुढे हलतं आणि पडदा हवा ढकलतो. या रचनेला आजचं व्यवहार्य रूप दिलं ते अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी. त्यांचा शोधनिबंध १९२५ सालचा.

या दोघांच्या लक्षात आलं की नुसता स्पीकर चांगला करून भागत नाही. तेव्हाच्या रेडिओतून निघणारी ताकद इतकी कमी होती की तो पडदा नीट हललाच नसता. म्हणून त्यांनी त्याला पेलेल असा ॲम्प्लिफायरही बनवला. पुढे 'रेडिओला १०४' या नावाने जो लाउडस्पीकर बाजारात आला, त्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला होता. ताकद सुमारे १ वॅट.

म्हणजे घरगुती स्पीकर आणि ॲम्प्लिफायर सुरुवातीला एकाच पेटीत, एकमेकांसाठी मोजूनमापून केलेले होते. ते वेगळे विकले जाऊ लागले तेव्हा माणसाला निवड मिळाली आणि निवडीबरोबर चुकायची सोयही मिळाली.

वॅट महाग होता तेव्हा

१ वॅट ऐकून हसू येईल. पण व्हॉल्व्हच्या काळात एकेक वॅट मिळवणं खर्चाचं काम होतं. काचेचे व्हॉल्व्ह, जड ट्रान्सफॉर्मर, शेकडो व्होल्टचा पुरवठा आणि या सगळ्याची उष्णता. म्हणून ताकद वाढवण्याऐवजी मिळालेली ताकद वाया जाऊ न देणारा स्पीकर बनवण्याकडे कल होता.

त्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे भोंगा. तोंडासमोर हाताचे पंजे धरून हाक मारली की ती लांब जाते, तसंच. साधा पडदा खोलीतल्या हवेला थेट ढकलतो तेव्हा त्याला मिळालेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का आवाज बनतो. उरलेली सगळी उष्णता. भोंग्यामुळे पडद्याची आणि हवेची पकड बसते आणि हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. बोलपट आले तेव्हा थिएटरच्या पडद्यामागे माणूस आत उभा राहील एवढे भोंगे होते आणि त्यांना चालवणारे ॲम्प्लिफायर आजच्या हिशेबात अगदी किरकोळ वॅटचे. आपल्याकडे गणपतीच्या मांडवावर बांधलेले पत्र्याचे भोंगे गावभर ऐकू जायचे, त्यामागेही हेच गणित होतं.

घरात एवढा भोंगा ठेवायचा कुठे? याचं उत्तर अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी काढलं. त्यांनी भोंगा पेटीत दुमडला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात बसवली. कोपऱ्यातल्या दोन भिंती भोंग्याचा पुढचा भाग म्हणून कामाला लागल्या. आर्कान्सामधल्या होप या गावात १९४६ साली त्यांनी कंपनी काढली. त्यांचा 'क्लिप्शहॉर्न' कपाटाएवढा असला तरी एखाददुसऱ्या वॅटवर घर दणाणून सोडतो.

इथे तुम्हाला एक आकडा ओळखीचा करून घ्यावा लागेल: सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. दिसायला हे आकडे जवळजवळ असतात. ८४, ९०, १०४. पण डेसिबलचं गणित फसवं आहे. ३ डेसिबल जास्त हवे असतील तर दुप्पट वॅट लागतात आणि १० डेसिबल हवे असतील तर दहापट. म्हणजे १०४ डेसिबलचा स्पीकर १ वॅटमध्ये जे करतो, त्यासाठी ८४ च्या स्पीकरला १०० वॅट द्यावे लागतात.

पंधरा वॅट, घरी बनवा

ॲम्प्लिफायरच्या बाजूनेही काम चालू होतं. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल लॅबचे हॅरल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. वाटेत त्यांना एक कल्पना सुचली आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनी ती उतरवून काढली. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत द्यायचा. म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच पकडतं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. ब्लॅक यांना लांब पल्ल्याचे टेलिफोन सुधारायचे होते. पण या युक्तीचा मोठा फायदा पुढे घरातल्या संगीताला झाला.

१९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्लंडमधल्या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका ॲम्प्लिफायरचा पूर्ण आराखडा छापला. पूर्ण ताकदीवरही डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत. युद्ध नुकतंच संपलं होतं, अनेक तरुण सैन्यात रेडिओ जोडायला शिकले होते. हातात सोल्डरिंग आयर्न असलेल्या जगभरच्या हौशी लोकांनी विल्यमसनचा ॲम्प्लिफायर घरी बनवला. त्याची ताकद होती १५ वॅट.

मला हा आकडा वाचून बरं वाटलं. बाबांच्या ॲम्प्लिफायरची मी ज्या आकड्यावरून टिंगल केली होती, त्यात एके काळी उत्तम घरगुती संगीत मावत होतं.

या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे स्पीकर लावायला बहुधा वेगवेगळ्या जागा असत: ४, ८, १६. हेच ते ओहम. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. ओहम जास्त म्हणजे अरुंद नळ, ओहम कमी म्हणजे रुंद नळ. व्हॉल्व्ह खूप व्होल्ट आणि थोडा करंट देतात, स्पीकरला नेमकं उलटं हवं असतं. मधला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर हा व्यवहार जुळवून देई. स्पीकर जेवढ्या ओहमचा, तेवढ्या खुणेवर तार लावायची. चूक करायची जागा होती, पण योग्य जागाही शेजारीच लिहिलेली होती.

खोकं लहान झालं

१९५४ साली एडगर विलचर यांनी हे सगळं पालथं केलं. ते न्यूयॉर्कमध्ये ध्वनीविषयक वर्ग घेत. तोवर चांगला खर्ज हवा तर फ्रिजएवढं कॅबिनेट लागायचं. कारण लहान बंद खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला हलू देत नाही. विलचर म्हणाले, मग हवेलाच स्प्रिंग होऊ दे. पडद्याचा स्वतःचा ताण काढून टाकून त्यांनी तो सैल केला. धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग जास्त इमानदार असते, ती दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच वागते. विलचर यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्या साथीने मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी सुरू झाली. त्यांच्या पहिल्या 'एआर-१' स्पीकरचं खोकं जेमतेम दोन फूट लांब होतं आणि खर्ज कपाटाएवढ्या स्पीकरांच्या तोडीचा.

चार वर्षांत 'एआर-३' आला. कंपनीने जाहीर मैफली भरवल्या. व्यासपीठावर फाइन आर्ट्स क्वार्टेट वाजवायचे, मध्येच वादक नुसते हात हलवायचे आणि आवाज स्पीकरमधून यायचा. अदलाबदल कुठे झाली ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना कळायचं नाही. त्याच सुमारास स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या होत्या. दिवाणखान्यात एक कपाट मावतं, दोन मावत नाहीत. लहान खोक्याला वाट मोकळी झाली.

पण याची किंमत होती. क्लॉसचे पुढच्या कंपनीतले भागीदार, आणि विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे चिरंजीव, अँटन हॉफमन यांच्या नावाने स्पीकरच्या धंद्यात एक लोखंडी नियम सांगितला जातो. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मिळतील. तिसरी सोडावी लागेल. एआरने तिसरी सोडली. त्यांचे स्पीकर वॅट पिणारे होते, आणि वर एआर-३ हा ४ ओहमचा.

म्हणजे जे ओझं आधी स्पीकर उचलत होता, ते आता ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर आलं. माझ्या काळ्या देखण्या स्पीकरांचे पूर्वज हे.

ट्रान्झिस्टर आणि त्याचे नखरे

ओझं वाहायला १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला. वॅट स्वस्त झाला. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला आणि त्याच्याबरोबर ४, ८, १६ च्या त्या तीन जागाही गेल्या. आता स्पीकर थेट ट्रान्झिस्टरला जोडलेला. स्पीकर ८ ऐवजी ४ ओहमचा लावला की ॲम्प्लिफायरकडून दुप्पट करंट मागितला जातो. वीजपुरवठा आणि ट्रान्झिस्टर तेवढे दणकट असतील तर ताकदही जवळजवळ दुप्पट मिळते. नसतील तर चटका बसेल एवढी उष्णता.

आणि स्पीकरवर छापलेला ओहमचा आकडाही सरासरीचाच समजायचा. स्वर बदलला की ओहम बदलतो. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनचे पीटर वॉकर यांचा १९५७ चा 'क्वाड ईएसएल' हे याचं टोकाचं उदाहरण. त्यात वेटोळं नाही, चुंबक नाही. उच्च व्होल्टेजच्या क्षेत्रात ताणलेली पातळ प्लास्टिकची कांती थरथरते. आवाज असा की आजही लोक त्याच्यासाठी जुने नग दुरुस्त करत बसतात. कागदावर तो १६ ओहमचा, पण वरच्या पट्टीत २ ओहमच्याही खाली घसरतो. वॉकर यांचा स्वतःचा १५ वॅटचा 'क्वाड २' त्याला छान चालवायचा. पुढे १९७५ मध्ये त्यांनी १०० वॅटचा 'क्वाड ४०५' काढला, तेव्हा हा नवा ॲम्प्लिफायर ईएसएलला इजा करू शकत होता. म्हणून त्याच्या व्होल्टेजवर मर्यादा घालायची सोय करावी लागली. दोन्ही एकाच माणसाच्या कारखान्यातले. तरीही जुळवावं लागलंच.

वॅट स्वस्त झाल्यावर त्याची फुशारकीही सुरू झाली. अमेरिकेत कंपन्या क्षणभर मिळणारी ताकद जाहिरातीत छापू लागल्या. अखेर १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला: किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनसह, सलग किती वॅट, ते सांगा. आपल्याकडे १९९० च्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवर 'पीएमपीओ' म्हणून हजारांतले आकडे चिकटवलेले असायचे, ते आठवतात? त्यामागे कोणतंही ठरलेलं मोजमाप नव्हतं.

आमच्या घरी काय झालं

आता मला दुरुस्तीवाल्याचं वाक्य कळतं.

बाबांचे जुने स्पीकर ९० डेसिबलच्या आसपासचे असावेत. मोठं खोकं, हलका कागदी पडदा, तेव्हाची नेहमीची रचना. माझ्या नव्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर ८४ लिहिलं होतं. ६ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद. बाबांच्या १५ वॅटला आता ६० वॅटचं काम सांगितलं होतं, तेही ४ ओहमचा नळ उघडून. म्हणून बटण नऊवरून दोनवर गेलं. म्हणून आईची हाक बंद झाली.

साखरपुड्याच्या संध्याकाळी मी बटण शेवटपर्यंत नेलं तेव्हा ॲम्प्लिफायरची ताकद संपली. आवाजाची लाट गोल असते. ताकद संपली की तिचे शेंडे कापले जातात, जसा छताला डोकं टेकल्यावर माणूस वाकतो. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले तीक्ष्ण, उंच स्वर तयार होतात. शिवाय गाण्यातल्या हळू जागाही मोठ्या होऊन बसतात. उंच स्वर जातात ट्वीटरकडे. त्याची तार केसासारखी, तिला सलग जेमतेम काही वॅट सोसतात. '८० वॅटचा स्पीकर' याचा अर्थ ट्वीटर ८० वॅट पेलतो असा नसतो. तो आकडा साध्या गाण्याचा आहे, ज्यात बहुतेक ताकद खर्जात असते.

लहान ॲम्प्लिफायर हळू वाजवला तर कुणाचंच काही बिघडत नाही. मी मात्र त्याच्याकडून नसलेलं मागितलं होतं.

नवी जोडी घेताना म्हणून मी आता तीन गोष्टी बघतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती. ओहम किती, आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान किती लिहिलंय. खोली केवढी आणि आपण ऐकतो किती मोठ्याने. वॅटचा आकडा यांच्यानंतर येतो.

तुमच्यापैकी बहुतेकांना यातलं काहीच करावं लागणार नाही. तुमच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर आतच आहे. त्याच कारखान्याने तो त्याच पडद्यासाठी बनवलाय आणि क्लिपिंगच्या आधी आवाज आवरणारी चिपही आत बसवली आहे. राइस आणि केलॉग यांची एकाच पेटीतली जोडी शंभर वर्षांनी परत आली आहे. त्यातला ॲम्प्लिफायर ठेवून स्पीकर भंगारात द्यायची सोय नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. बावीस-तेवीस वर्षांनी त्याची पाठ फिरवून बघावं असंही त्यात काही नसतं.

बाबांनी त्या साखरपुड्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. ॲम्प्लिफायर दुरुस्त करून आणला, पण त्याला जोडायला काही नव्हतं. मी "बघतो" म्हणत राहिलो. ते २०१६ साली गेले.

गेल्या वर्षी जुन्या सामानाच्या एका दुकानात मला सुताराने केलेली तशीच दोन खोकी दिसली. आमची नव्हेत, पण तशीच. ८ ओहम, आठ इंची वूफर, वरची जाळी फाटलेली. टेम्पोत घालून घरी आणली. बाबांच्या पट्टीला धक्का न लावता तारा जोडल्या आणि त्यांच्या कॅसेटमधली एक लावली. बटण जपून फिरवत नऊपर्यंत नेलं.

पाच मिनिटं झाली असतील. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आवाज कमी कर रे."